पंचविसावा तुकडा

सरांनी नाव सांगितलं होतं त्याचं,
जिभेवर टिकलं नाही.
मी आपला गवंडी म्हणतो.
फिनलंडचा गवंडी. शंभर वर्षांपूर्वीचा.

पिंगळे सर सांगतात तेव्हा पहाटेचे सव्वापाच असतात,
गोल्फ क्लबवर धुकं, चुन्याने आखलेला चारशेचा फेरा,
आणि त्यावर माझी सुगंधा.
तिकडे म्हणे नद्या गोठतात, वरून गाडी जाते.
मी म्हटलं, मग माल कसा धरतो हो भिंतीला?
सर हसले. त्यांनी कधी वीट लावलेली नाही.

सहा महिने काम, सहा महिने बर्फ.
बर्फात हा पळायचा, गुडघ्याइतक्या.
बाप नव्हता, आई लोकांची धुणी धुवायची,
थोरला भाऊ पुढे, हा मागे,
मग एका हिवाळ्यात हा पुढे.

मग मोठ्या शर्यतीला बोटीने गेला.
दोन जिंकला. तिसरीत शेवटच्या वळणावर
एकाला छातीभर मागे टाकलं,
आणि वर बघतो तर काठीवर निशाण भलत्याचंच,
ज्याचं राज्य होतं त्याचं.
सर म्हणाले, तो तेव्हा रडला.
आनंदाने नाही.

हे मला कळतं.
गंगापूर रोडला सात मजले चढवलेत मी
ओळंबा सोडून, एक डोळा मिटून,
सूतभरही इकडेतिकडे नाही.
फाटकावर संगमरवरी पाटी लागली.
ती पाटीही मीच बसवली.

गेल्या साली पुण्याला सुगंधा पहिली आली.
छातीवर एका पंप कंपनीचं नाव,
पाठीवर आकडा.
माईकवाल्याने भोयेचं भोईर केलं,
आमचा पाडा तर त्याच्या कागदात नव्हताच.
ती रडली नाही. म्हणाली,
बाबा, बूट चावतोय.

पुढे काय झालं त्याचं?
पुढे लढाई लागली.
तो समुद्रापलीकडे गेला, मोठ्या शहरात,
दिवसभर विटा, संध्याकाळी पूल ओलांडून पळणं.
इथे सरांनी शिट्टी मारली,
"हात खाली, सुगंधा, हात खाली!"
मग म्हणाले, आठ वर्षं.
आठ वर्षं दुसऱ्यांच्या भिंती बांधल्या
आणि पाय काही विसरले नाहीत.

परत उतरला तेव्हा तिशी ओलांडलेली. पाऊस होता.
सगळ्यात लांबची शर्यत, बेचाळीस किलोमीटर.
या खेपेला काठीवर त्याचंच निशाण.
गोष्ट इथे संपवतात सर.
मी विचारतो, नंतर?
नंतर काय, म्हातारा झाला.
गुडघे?
ते पुस्तकात नाही, म्हणतात.

रविवारी ती मखमलाबादकडे लांबचं पळते.
थंडी चारावर आली की
बागाईतदार द्राक्षांच्या ओळींत शेकोट्या पेटवतात,
मण्यांना तडा जाऊ नये म्हणून.
त्या धुरातून बाहेर येताना
आधी तिचा श्वास दिसतो, मग ती.
मी सायकलवर मागे, पाण्याची बाटली घेऊन,
आणि एखादे वेळी वाटतं, तिच्याही पुढे कुणीतरी आहे,
अंगात जाड कोट, खिशात थापी.
तिला सांगत नाही. हसेल.

आज निवड आहे. दहा हजार. पंचवीस फेरे.
मोजताना मी चुकतो, म्हणून विटेचे पंचवीस तुकडे
पिशवीत घालून आणलेत.
दर फेऱ्याला एक कट्ट्यावर मांडतो,
सवयीने सांधा सोडून, दोरी लावल्यासारखा.
शेजारी बसलेला एकजण विचारतो,
काय बांधताय, काका?

चोवीस झाले.
एक हातात आहे, घामाने ओला.
ती पलीकडच्या वळणावर,
झाडाआड.